एकट्या अमीबांना एकत्र आणणारं रसायन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम हा मातीत राहणारा अमीबा. उपासमार झाली की त्याच्या हजारो सुट्या पेशी एका जागी गोळा होतात आणि त्यांचा मिळून एक जीव बनतो. त्यांना एकत्र आणणाऱ्या रासायनिक संदेशाबद्दल विद्यार्थी, शिक्षक आणि कुतूहलापोटी वाचणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण मजा तपशिलातच आहे.

हा जीव नेमका कोण? बुरशी की प्राणी?

दोन्ही नाही. ‘स्लाइम मोल्ड’ किंवा श्लेष्मकवक या नावामुळे तो बुरशी वाटतो, आणि जुन्या पाठ्यपुस्तकांत तो बुरशींच्याच प्रकरणात सापडतो. खरं तर तो अमीबांच्या कुळातला आहे. जंगलातल्या कुजणाऱ्या पानांखाली जीवाणू खाऊन राहणारी ही एकेक पेशी, साधारण १० मायक्रोमीटर लांबीची. एका मिलिमीटरच्या रेषेत अशा शंभर पेशी मावतील. खायला मिळतं तोवर प्रत्येक पेशी आपल्यापुरती जगते, वाढते आणि दुभंगते. शेजारणीशी तिचं काही देणंघेणं नसतं.

या गटातला पहिला जीव १८६९ मध्ये जर्मनीत ओस्कार ब्रेफेल्ड यांनी नोंदवला. गोळा झालेल्या पेशी एकमेकींत विरघळून जातात, असं त्यांना वाटलं होतं. १८८० मध्ये फ्रान्समधल्या फिलिप व्हान टीगेम यांनी दाखवून दिलं की तसं होत नाही. पेशी एकत्र येतात, चिकटतात, पण प्रत्येकीचं आवरण शाबूत राहतं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाणारी जात केनेथ रेपर यांना १९३३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांतल्या पालापाचोळ्यात मिळाली. ‘एनसी४’ हा तोच वाण, आणि प्रयोगशाळेतले बहुतेक वाण त्याच्यापासूनच निघाले आहेत.

पावसाळ्यात कुजक्या लाकडावर पिवळा फेसासारखा थर दिसतो, तो हाच का?

नाही. तो मिक्सोमायसीट गटातला दुसरा स्लाइम मोल्ड. त्याचं अख्खं शरीर म्हणजे एकच अवाढव्य पेशी असते, तिच्यात असंख्य केंद्रकं असतात आणि ती हाताएवढी पसरू शकते. तिथे कुणी कुणाला बोलावत नाही, कारण बोलवायला दुसरं कुणी नसतंच. आपण इथे बोलतोय ते पेशीय श्लेष्मकवकांबद्दल. ते नुसत्या डोळ्यांना सहसा दिसतही नाहीत.

एकट्या राहणाऱ्या पेशी गोळा का होतात?

भुकेमुळे. जीवाणू संपले की पेशीचं दुभंगणं थांबतं आणि चार-सहा तासांत तिच्यात बदल होऊ लागतात. नवी जनुकं सुरू होतात, पेशी लांबट होते आणि रासायनिक हाकेला प्रतिसाद देऊ लागते. मग पुढच्या काही तासांत हजारोंपासून लाखभरापर्यंत पेशी एका केंद्राकडे जातात आणि त्यांचा ढीग बनतो. ढिगाला टोक फुटतं. तो आडवा होऊन ‘स्लग’ नावाचा दोन-चार मिलिमीटरचा सरपटणारा गोळा होतो. हा गोळा उजेडाकडे आणि उबेकडे सरकतो. योग्य जागी पोचला की उभा राहतो, बारीक देठ बनतो आणि देठाच्या टोकावर बीजाणूंचा थेंब तयार होतो. उपासमार सुरू झाल्यापासून हे सगळं साधारण २४ तासांत आटोपतं.

यात सुमारे पाचवा हिस्सा पेशी देठ बनतात, आणि देठातल्या पेशी मरतात. उरलेल्या बीजाणू होऊन वाऱ्या-पावसाची, किड्यांच्या पायांची वाट पाहतात. या संदेशाला ओ देऊन गेलेल्या पाच पेशींपैकी एक परत येत नाही. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

त्यांना रसायन बोलावतं, हे कळलं कसं?

ही गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण यातले प्रयोग साधे आहेत आणि तरीही बिनतोड आहेत.

१९४२ मध्ये अर्नेस्ट रन्यन यांनी सेलोफेनचा पातळ पडदा घेतला. पडद्याच्या एका बाजूला गोळा होणाऱ्या पेशी होत्या, दुसऱ्या बाजूला सुट्या. पेशींना पडदा ओलांडता येत नव्हता, पण सुट्या पेशी पलीकडच्या केंद्राच्या बरोबर समोर येऊन जमल्या. म्हणजे पडद्यातून काहीतरी पार होत होतं, आणि ते लहान रेणूंचं असणार.

तरीही ते रसायनच आहे की आणखी कसली तरी ओढ, ही शंका उरली होती. जॉन टायलर बॉनर यांनी १९४७ मध्ये ती मिटवली. त्यांनी पेशी पाण्याखाली ठेवल्या आणि गोळा होणाऱ्या केंद्रावरून पाणी हळू वाहू दिलं. प्रवाहाच्या खालच्या बाजूच्या पेशी केंद्राकडे वळल्या. वरच्या बाजूच्या पेशींना काही पत्ताच नव्हता, त्या वाटेल तशा फिरत राहिल्या. वीज, चुंबक किंवा पृष्ठभागाची ओढ पाण्याबरोबर वाहून जात नाही, विरघळलेलं रसायन जातं. बॉनर यांनी त्या अज्ञात रसायनाला ‘ॲक्रासिन’ म्हटलं.

पुढची अडचण अशी होती की ते रसायन हाती लागेना. केंद्राजवळचं पाणी काढून तपासलं तर त्याचा काहीच परिणाम दिसत नव्हता. केंब्रिजमधल्या ब्रायन शाफर यांनी १९५३ मध्ये याचं कारण शोधलं. अगारच्या (समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या जेलीच्या) ठोकळ्याखाली त्यांनी पेशी पसरल्या आणि केंद्राभोवतीचं पाणी काढून लगेच, पुन्हा पुन्हा, ठोकळ्याच्या कडेला सोडलं. पेशी त्या कडेकडे गेल्या. तेच पाणी काही मिनिटं तसंच ठेवलं आणि मग सोडलं, तर पेशी हलल्या नाहीत. पेशी संदेश सोडत होत्या आणि त्याबरोबर तो नष्ट करणारं एन्झाइमही सोडत होत्या. आधीच्या लोकांच्या हाती पाणी येईपर्यंत त्यातला संदेश संपलेला असायचा.

मग ते रसायन कोणतं निघालं?

सायक्लिक एएमपी, म्हणजे रचनेत एक कडं असलेला लहान रेणू. १९६७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात थिओ कोनाइन, बॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवलं. कोनाइन डच होते. त्यांची चाचणी आजही शिकवण्यासारखी आहे. पाणी लवकर न पसरणाऱ्या अगारवर पेशींचा एक बारीक थेंब ठेवायचा आणि शेजारी तपासायच्या द्रावणाचा थेंब. पेशी सहसा आपल्या थेंबाची सीमा ओलांडत नाहीत. शेजारच्या थेंबात त्यांना ओढणारं काही असेल, तर त्या बाजूची सीमा मोडून बाहेर पडतात. सायक्लिक एएमपीच्या अगदी विरळ द्रावणाकडेही पेशी धावल्या.

शाफर यांना जाणवलेलं एन्झाइम म्हणजे फॉस्फोडायएस्टरेज. ते सायक्लिक एएमपीचं कडं तोडतं आणि त्यातून बनणाऱ्या साध्या एएमपीला पेशी ओ देत नाहीत.

सायक्लिक एएमपी आपल्या शरीरातही असतं ना?

असतं, जवळजवळ प्रत्येक पेशीत. ॲड्रिनलिन यकृताच्या पेशीला बाहेरून धडकतं तेव्हा आतमध्ये निरोप पोचवण्याचं काम सायक्लिक एएमपी करतं. हे शोधल्याबद्दल अर्ल सदरलँड यांना १९७१ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे हा रेणू मुख्यतः पेशीच्या आतला निरोप्या. डिक्टिओस्टेलियम तो पेशीच्या आतही वापरतो आणि बाहेरही.

रसायन तर पाण्यात पसरून विरळ होतं. मग सेंटिमीटरभर दूरच्या पेशीपर्यंत हाक पोचते कशी?

एका पेशीने सोडलेला फुंकर एवढा संदेश खरंच दूर जाऊ शकत नाही. नुसत्या पसरण्यावर भिस्त ठेवली तर दुप्पट अंतराला चौपट वेळ लागतो, शिवाय वाटेत एन्झाइम बसलेलं असतंच.

उत्तर पुन्हा शाफर यांनीच सुचवलं होतं: पेशी ऐकतात आणि पुढे सांगतात. सायक्लिक एएमपी पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटलं की ती पेशी दोन कामं करते. संदेश आला त्या दिशेला सरकते आणि स्वतः नव्याने सायक्लिक एएमपी बनवून बाहेर सोडते. ते शेजारणीला मिळतं, मग तिच्या शेजारणीला. घराचा स्लॅब टाकताना रांगेत उभी असलेली माणसं जागची हलत नाहीत आणि घमेली हातोहात वर जातात, तसा हा निरोप पेशीमागून पेशी बाहेर पसरत जातो. फरक एवढाच की इथे प्रत्येक हात नवं घमेलं भरून देतो, त्यामुळे शेवटच्या पेशीलाही संदेश पहिल्याइतकाच ठसठशीत मिळतो.

लाट केंद्राकडून बाहेर जाते आणि पेशी बाहेरून केंद्राकडे येतात. पहिल्यांदा हे चित्र डोळ्यांसमोर उलटसुलट होतं, पण सूत्र साधं आहे: हाक जिथून आली तिकडे वळा.

लाटेचा वेग मिनिटाला सुमारे ३०० मायक्रोमीटर. दर पाच-सहा मिनिटांनी नवी लाट येते. पेशी मात्र मिनिटाला दहा-वीस मायक्रोमीटरच सरकते, त्यामुळे प्रत्येक लाटेमागे ती एक-दोन पेशीलांबी एवढी वाट कापते आणि थांबते.

या लाटा खरोखर दिसतात का, की ही फक्त गणितं आहेत?

दिसतात. काळ्या पार्श्वभूमीवर तिरपा उजेड टाकून उपाशी पेशींच्या थराची चित्रं थोड्या थोड्या वेळाने घेतली, तर फिकट आणि गडद पट्टे सरकताना दिसतात. सरकणारी पेशी लांबट होते, थांबलेली गोलसर असते, आणि दोन्हींवरून उजेड वेगळा उडतो. कुठे एकात एक वर्तुळं उमटतात, कुठे गोल गोल फिरणारी चक्राकार लाट. दोन लाटा समोरासमोर आल्या की एकमेकींतून आरपार जात नाहीत, तिथेच दोन्ही विझतात, आणि त्या रेषेवर दोन केंद्रांची हद्द पडते. पडद्यावर हे वेगाने फिरवून पाहिलं की खोलीतले लोक गप्प होतात, हा माझा अनुभव आहे.

पण उजेडाचे पट्टे म्हणजे रसायनाच्याच लाटा कशावरून? १९८१ मध्ये केनेथ टॉमचिक आणि पीटर डेव्हरोट्स यांनी किरणोत्सर्गी सायक्लिक एएमपी वापरून गोळा होणाऱ्या पेशींच्या थरातल्या संदेशाचा ठसा घेतला. फिल्मवर तीच वर्तुळं आणि तीच चक्रं उमटली. लाटेच्या माथ्यावर सायक्लिक एएमपीचं प्रमाण सुमारे एक मायक्रोमोलर, म्हणजे लिटरमागे एक मोलचा दहा लाखावा भाग, निघालं.

संदेश पाठवायचा आणि लगेच नष्टही करायचा, हा अपव्यय नाही का?

मला विचाराल तर सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे. सायक्लिक एएमपी बनतं आणि पेशी तिकडे जातात, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. पण संदेश पुसला गेला नाही तर पुढचा संदेश ऐकूच येत नाही.

पेशीच्या आत काय होतं ते पाहा. ग्राहीला सायक्लिक एएमपी चिकटलं की आतलं जी-प्रथिन (ग्राहीचा निरोप आत नेणारं प्रथिन) सुटं होतं आणि ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम कामाला लागतं. नवं सायक्लिक एएमपी बनू लागतं, त्यातलं बरंचसं बाहेर पडतं, तेच पुन्हा ग्राहीला चिकटतं आणि वेग आणखी वाढतो. काही मिनिटांत मात्र पेशीला त्या पातळीची सवय होते. ग्राहींवर फॉस्फेट चढतं, सायक्लेज थांबतं. बाहेर सायक्लिक एएमपी कितीही साचलेलं असो, पातळी बदलत नाही तोवर पेशी प्रतिसाद देत नाही. ही बधिरता जायला हवी असेल तर आजूबाजूचं रसायन नाहीसं व्हावं लागतं. फॉस्फोडायएस्टरेज नेमकं तेच करतं. पाटी कोरी झाली की पेशी पुन्हा ऐकायला तयार.

हे एन्झाइम बनवणारं जनुक काढून टाकलेल्या पेशी गोळाच होत नाहीत. त्यांच्याकडे संदेश असतो, ग्राही असतात, पण सगळीकडे सारखंच सायक्लिक एएमपी साचल्यामुळे कुठली दिशाच उरत नाही. अशा पेशींना एन्झाइम बाहेरून दिलं की त्या पुन्हा गोळा होऊ लागतात. पेशी या एन्झाइमला आवर घालणारं एक प्रथिनही सोडतात. बाहेर सायक्लिक एएमपी फारच कमी असलं की हा आवर वाढतो आणि संदेश टिकायला वाव मिळतो.

प्रयोगशाळेत हे रोज अनुभवाला येतं. हलत्या फ्लास्कमधल्या उपाशी पेशींना दर सहा मिनिटांनी सायक्लिक एएमपीचा थेंब दिला, तर काही तासांत त्या गोळा होण्यासाठी लागणारी जनुकं जोमाने चालू करतात. तेवढंच रसायन एका दमात, सलग पुरवलं, तर ती जनुकं दबलेली राहतात. रेणू तोच असतो, बदलतो तो ठेका. नव्या विद्यार्थ्याला मी आधी हा प्रयोग करायला लावतो आणि मग वाचायला देतो.

लाट पुढे निघून गेली की रसायन पेशीच्या मागच्या बाजूला जास्त होतं. मग पेशी लाटेमागे उलट का धावत नाहीत?

फार चांगला प्रश्न, आणि यावर संशोधक बरीच वर्षं झगडले. लाट पेशीवरून जाताना आधी केंद्राकडची बाजू जास्त भरलेली असते, पण माथा ओलांडला की बाहेरची बाजू जास्त भरलेली होते. पेशी फक्त फरक मोजत असती तर तिने लाटेबरोबर दोन पावलं आत आणि दोन पावलं बाहेर टाकली असती.

पेशी चढत्या लाटेला दाद देते, उतरत्या लाटेला देत नाही. माथा येईपर्यंत तिला त्या पातळीची सवय झालेली असते, शिवाय तिचं पुढचं टोक ठरलेलं असतं आणि ते थोडा वेळ तसंच राहतं. २०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी अगदी अरुंद नळ्यांमध्ये कृत्रिम लाटा सोडून हे तपासलं. पेशीला काही काळ टिकणारी एक स्मृती असते, असा त्यातून निघालेला अर्थ. मेंदू नसलेल्या पेशीबद्दल हा शब्द वापरताना काहींना संकोच वाटतो, मला वाटत नाही.

सगळ्यात आधी हाक कोण मारतं? त्यांच्यात म्होरक्या असतो का?

बरीच वर्षं लोकांना तसं वाटत होतं. एखादी खास पेशी असेल, तीच सुरुवात करत असेल आणि बाकीच्या तिच्यामागे जात असतील. समाजाबद्दलचे आपले समज आपण सूक्ष्मदर्शकाखालीही घेऊन जातो.

१९७० मध्ये एव्हलिन फॉक्स केलर आणि ली सेगल यांनी गणिताने वेगळं चित्र मांडलं. सगळ्या पेशी अगदी सारख्या धरा. प्रत्येक पेशी थोडं रसायन सोडते, थोडं नष्ट करते आणि जिकडे जास्त असेल तिकडे सरकते. उपासमारीत पेशींची संवेदना एका मर्यादेपलीकडे वाढली, की सारखा पसरलेला थर आपोआप डळमळीत होतो. योगायोगाने कुठे चार पेशी जास्त असतील तर तिथे संदेश जास्त, संदेश जास्त म्हणून आणखी पेशी, असं वाढत जातं. म्होरक्याची गरजच पडत नाही. त्या मांडणीत लाटा नव्हत्या, त्या पुढच्या मॉडेलांत आल्या. पण तिची समीकरणं आज जीवाणूंपासून रक्तवाहिन्यांच्या वाढीपर्यंत ठिकठिकाणी वापरली जातात.

प्रत्यक्ष पेशींत हे पाहायला २०१० साल उजाडलं. थॉमस ग्रेगोर, सातोशी सावाई आणि सहकाऱ्यांनी सायक्लिक एएमपी वाढलं की चमक बदलणारं प्रथिन पेशींमध्ये घातलं आणि एकेक पेशी पाहिली. बाहेर सायक्लिक एएमपीची पातळी हळूहळू वर चढते, पेशी अधूनमधून एकेकट्या स्पंदन करू लागतात, आणि पातळी पुरेशी झाली की सगळा थर एका तालात येतो. ठराविक पेशींनाच कायमचा मान असतो असं दिसलं नाही.

एवढ्याशा पेशीला दिशा कशी कळते?

तिच्या पृष्ठभागावर सायक्लिक एएमपीचे हजारो ग्राही असतात, साधारण ४० ते ८० हजार, आणि ते सगळ्या बाजूंना सारखे विखुरलेले असतात. पुढे जास्त आणि मागे कमी असं नाही. १० मायक्रोमीटरच्या अंतरात सायक्लिक एएमपीच्या प्रमाणात फक्त एक-दोन टक्के फरक असला तरी पेशी तो ओळखते.

बाहेरचा नाममात्र फरक आतमध्ये ठळक होतो. १९९८ मध्ये डेव्हरोट्स यांच्या प्रयोगशाळेत कॅरोल पॅरेंट आणि सहकाऱ्यांनी ‘क्रॅक’ नावाच्या प्रथिनाच्या एका भागाला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं. पेशीजवळ सायक्लिक एएमपी भरलेल्या सुईचं टोक आणलं की हिरवा रंग सुईकडच्या कडेला चंद्रकोरीसारखा गोळा व्हायचा. सुई दुसरीकडे नेली की काही सेकंदांत तो तिकडे जायचा. त्याच कडेला ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू वाढतात आणि छद्मपाद, म्हणजे पेशीचा तात्पुरता पाय, बाहेर पडतो. मागच्या बाजूला मायोसिन हे दुसरं प्रथिन आकसून शेपटी ओढून घेतं.

एक मोठा मार्ग तोडला की सगळं थांबेल, असं आधी वाटायचं. २००७ मध्ये दिसलं की पुढच्या कडेला रासायनिक खुणा बनवणारी पीआय३के गटाची एन्झाइमं काढून टाकली तरी पेशी दिशा धरतात. समांतर मार्ग अनेक आहेत.

पेशी केंद्राकडे सुट्या सुट्या न जाता रांगांनी का जातात?

वरून पाहिलं तर केंद्राकडे जाणारे फाटे फुटलेले प्रवाह दिसतात, आणि त्यांत एकीचं डोकं पुढचीच्या शेपटीला लागलेलं असतं. २००३ मध्ये पॅरेंट यांच्या गटाला दिसलं की सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम पेशीच्या मागच्या टोकाशी एकवटलेलं असतं. पेशी नाकाने ऐकते आणि शेपटीने सांगते, असं मी वर्गात म्हणतो. मागच्या पेशीला सगळ्यात जवळची हाक पुढचीच्या शेपटीतून येते, म्हणून ती तिच्यामागे लागते. हे एन्झाइम शेपटीशी जमलं नाही तर रांगा धड बनत नाहीत. त्याच सुमारास पृष्ठभागावर चिकट प्रथिनंही येतात, त्यामुळे एकदा भेटलेल्या पेशी सहज सुटत नाहीत.

सगळ्या जाती सायक्लिक एएमपीच वापरतात का?

अजिबात नाही. डिक्टिओस्टेलियम मिनुटम फोलिक आम्लाकडे गोळा होतो. डिक्टिओस्टेलियम लॅक्टियमचं रसायन टेरिन या फोलिक आम्लाच्या नात्यातल्या गटाचं आहे. पॉलिस्फॉन्डिलियम व्हायोलेसियमचा संदेश ‘ग्लोरिन’, दोन अमिनो आम्लांपासून बनलेला लहान रेणू. त्याची रचना १९८२ मध्ये ओसामु शिमोमुरा यांनी बॉनर यांच्यासोबत उलगडली. याच शिमोमुरांना पुढे २००८ मध्ये जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी नोबेल मिळालं, आणि वर सांगितलेल्या हिरव्या कडेचा प्रयोग त्याच प्रथिनामुळे शक्य झाला.

संदेश वेगळे असल्यामुळे एकाच चमचाभर मातीत अनेक जाती आपापल्या केंद्राकडे जाऊ शकतात. उत्क्रांतीचा भाग याहून रंजक आहे. पाउलिन शाप यांच्या गटाने दाखवलं की गोळा झाल्यानंतर, देठ आणि बीजाणू बनवताना, सायक्लिक एएमपीचा संदेश जुन्या शाखांमधल्या जातीही वापरतात. गोळा करण्यासाठी त्याचा वापर एकाच शाखेत आणि नंतर आला. म्हणजे शेवटच्या टप्प्यातली यंत्रणा या शाखेने अलीकडे ओढून पहिल्या टप्प्यालाही लावली.

खाताना पेशी कशाच्या मागे जातात?

जीवाणूंतून बाहेर पडणाऱ्या फोलिक आम्लाच्या. उपासमारीनंतर ही ओढ कमी होते आणि सायक्लिक एएमपीची वाढते.

ढीग केवढा व्हायचा, हे कोण ठरवतं?

हेही स्रवणाऱ्या प्रथिनांवर चालतं. रिचर्ड गोमर यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये ‘काउंटिंग फॅक्टर’ नावाचं प्रथिनांचं संकुल शोधलं. प्रवाहात पेशी जास्त झाल्या की ते साचतं, पेशींचा चिकटपणा कमी होतो आणि लांब प्रवाह तुकड्यांत मोडतो. ते जास्त स्रवणाऱ्या वाणाचे ढीग बारीक बारीक होतात. देठ फार लांब आणि फार जड झाला तर तो कोसळणार, म्हणून ही मर्यादा असावी.

ढीग झाल्यावर सायक्लिक एएमपीचं काम संपतं का?

संपत नाही. ढिगाचं टोक लाटा सोडत राहतं आणि त्यांच्या मागे मागे बाकीच्या पेशी फिरतात. बीजाणू बनायलाही सायक्लिक एएमपी लागतं, आणि देठासाठी डीआयएफ-१ सारखी वेगळी रसायनं पुढे येतात.

पण एक अपवाद आवर्जून सांगायला हवा. १९९७ मध्ये वांग आणि कुस्पा यांनी सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम काढून टाकलं आणि त्या संदेशाचा पेशीतला शेवटचा दुवा, पीकेए हे प्रथिन, कायमचं चालू ठेवलं. त्या पेशी तरीही गोळा झाल्या आणि त्यांनी बीजाणू बनवले, ओबडधोबड का होईना. ‘सायक्लिक एएमपी नाही तर काहीच नाही’ असं कुठे वाचलंत तर हा प्रयोग आठवा.

हाक सगळ्यांना ऐकू येते. मग कुणी फसवत नाही का?

फसवतात. एकाच केंद्राकडे वेगवेगळ्या वंशाच्या पेशी येऊ शकतात, आणि काही वंश देठात कमी, बीजाणूंत जास्त असं जमवतात. २००० मध्ये एका एफ-बॉक्स जनुकात (नको असलेली प्रथिनं मोडायला लावणाऱ्या प्रकारच्या जनुकात) बदल झालेला वाण सापडला. इतरांबरोबर मिसळला तर तो बीजाणूंत हिश्शाबाहेर शिरकाव करतो, पण एकटा ठेवला तर त्याला बीजाणू बनवताच येत नाहीत. अशी लबाडी निसर्गात मर्यादित राहायचं एक कारण म्हणजे पृष्ठभागावरची टीजीआर प्रथिनं. त्यांच्या जोडीवरून पेशी सगोत्र ओळखतात आणि परक्यांपासून काही प्रमाणात वेगळ्या होतात. म्हणजे सायक्लिक एएमपी ‘या’ एवढंच म्हणतं. आलेल्यांतली आपली कोण, हे स्पर्शाने ठरतं.

माणसाच्या आजारांशी याचा काही संबंध?

आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंच्या रसायनामागे धावतात तेव्हा दिशा धरण्याची बरीच यंत्रणा अशीच असते. ग्राही जी-प्रथिनाशी जोडलेला, पुढच्या कडेला ॲक्टिन, मागे मायोसिन. डिक्टिओस्टेलियम झपाट्याने वाढतो, त्याचं जनुक काढणं सोपं आहे आणि २००५ मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम जाहीर झाला आहे, सुमारे साडेबारा हजार जनुकं. म्हणून तिथे सापडलेलं आधी तपासून मग माणसाच्या पेशींकडे वळता येतं. पण यातून अमुक औषध निघालं असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर पुरावा मागा.

भारतात यावर काम झालं आहे का?

हो. दक्षिण भारतात झाडांच्या मुळांभोवतीच्या मातीत हे जीव असल्याची नोंद व्ही. अग्निहोत्रुडु यांनी १९५६ मध्येच केली होती. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंडय्या यांनी अनेक दशकं या जीवावर काम केलं. संदेश पुढे देण्यावर आणि त्यातून उमटणाऱ्या आकारांवर त्यांनी १९७३ मध्ये लिहिलेला लेख आजही वाचण्याजोगा आहे. पुढे त्यांच्या गटाने मुदुमलाईच्या जंगलातली माती तपासली आणि एकाच गोळ्यात एकाहून जास्त वंश नांदतात का, हे पाहिलं. मराठी मुलखात सह्याद्रीसारखी पालापाचोळ्याची जंगलं असताना इथल्या महाविद्यालयांनी हा विषय आणखी हाती घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. खर्च फारसा नाही.

स्वतः पाहायचं असेल तर काय करावं?

दाट झाडीतल्या पालापाचोळ्याखालची वरची दोन-तीन सेंटिमीटर माती घ्या. खत-औषधं पडलेली शेतातली माती नको. थोडी माती निर्जंतुक पाण्यात चांगली हलवा आणि भरपूर पातळ करा. वाळलेलं गवत उकळून गाळलेल्या पाण्यात अगार घालून, निर्जंतुक करून ताटल्या तयार करा. त्यांत वेगळं पोषण घालू नका, नाहीतर बुरशी माजते. वर मातीचं पाणी आणि निरुपद्रवी जीवाणूंचा दाट थेंब पसरा. ताटल्या २० ते २३ अंशांत ठेवा. आपल्याकडे मार्च ते मे यात खोलीत ठेवून जमत नाही, तापमान २७-२८ च्या वर गेलं की ही मंडळी रुसतात. त्यामुळे कॉलेजचा बीओडी इन्क्युबेटर (तापमान थंड आणि स्थिर ठेवणारी पेटी) मिळवा किंवा थंडीत प्रयोग करा.

तिसऱ्या दिवसापासून ताटली रोज दोनदा दहापट भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहा. आधी जीवाणूंच्या थरात स्वच्छ टिकल्या पडतात, म्हणजे तिथलं खाणं संपलं. टिकलीच्या मध्यभागी फाटे फुटलेले प्रवाह दिसले तर ती ताटली सोडू नका. मोबाइल भिंगावर टेकवून दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो घेत राहा. संध्याकाळी सुरू झालेले प्रवाह सकाळपर्यंत मिलिमीटरभर उंचीचे देठ होऊन उभे असतात.

हा जीव माणसाला रोग करत नाही. ताटलीत मातीतले इतर जीवाणू मात्र वाढलेले असतात, तेव्हा झाकण विनाकारण उघडू नका, हात धुवा आणि काम झाल्यावर ताटल्या ब्लीचच्या पाण्यात रात्रभर बुडवून मगच टाका.